पडवीतली गिटार

नवीन गिऱ्हाईक दारात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असे. "मेस्त्री आहेत का?" आणि हा प्रश्न विचारताना ते बघायचं काकांकडे. काका दुकानाच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसून लसूण सोलत नाहीतर कोलंबी साफ करत असायचे. अंगात गंजीफ्रॉक, खाली लुंगी, कपाळावर चढवलेला चष्मा. ते हातातली कोलंबी तशीच धरून हनुवटीनं आत खूण करायचे. आत लाकडाच्या भुश्शात एक बाई उभी असायची. साडी वर खोचलेली, साडीवर काकांचाच एक जुना लांब बाह्यांचा शर्ट, कानामागे पेन्सिल. गिऱ्हाईक तिच्याकडे एकदा बघायचं, पुन्हा काकांकडे वळायचं आणि म्हणायचं, "नाही, म्हणजे, गिटार दुरुस्त करतात ते..."

"तेच ते," काका म्हणायचे. "मला खिळा ठोकता येत नाय."

मग आतून, मान वर न करता, आवाज यायचा. "मेस्त्री समोर हायत. काय मोडलंय?"

हे मी चार वर्षं पाहिलं. कऱ्हाडहून नोकरीसाठी रत्नागिरीत आले तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली मला भाड्यानं मिळाली. मी एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. घर मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. चिऱ्याचं, कौलारू, पुढे लांब पडवी आणि पडवीला लागून रस्त्याकडची खोली म्हणजे दुकान. पहिल्या दिवशी मी त्यांना 'काकी' म्हटलं तर त्यांनी रंधा थांबवला आणि मला नियम सांगितला. "घरात काकी. हितं मेस्त्री."

कोकणात सुताराला मेस्त्री म्हणतात. त्यांचे वडील लांज्याजवळच्या एका गावात मेस्त्री होते. नांगर, पाळणे, दारं, नमन-खेळ्यांच्या मृदंगाची खोडं, सगळं करायचे. भाऊ मुंबईला गेला, हत्यारं तशीच राहिली, ती यांनी सासरी आणली. "बापाची पटाशी माझ्याकडं आली, करवत आली," त्या म्हणायच्या. "मग नाव काय भावाच्या चाळीत पाठवू?" दुकानात त्यांना वहिनी, मावशी, मॅडम अशा सगळ्या हाका लोक मारून बघत. त्या ओ देत नसत. ऐकू येत नाही असंही दाखवत नसत. नुसत्या कामाकडे बघत राहत, आणि 'मेस्त्री' ही हाक आली की लगेच वळत.

एकदा एका साप्ताहिकानं त्यांच्यावर छोटा मजकूर छापला. फोटोत काका पुढे, त्या मागे, आणि खाली ओळ होती, 'पतीच्या व्यवसायाला हातभार'. मला वाटलं, आता त्या कचेरीत जाऊन भांडणार. त्या गेल्या नाहीत. कात्रण कापून भिंतीवर डकवलं, सुतारी पेन्सिलीनं ती ओळ खोडली आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'पती स्वयंपाकाला हातभार लावतात.' काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "हातभार? अगो, सगळा स्वयंपाक मी करतो." त्यावर मेस्त्रींनी 'स्वयंपाकाला हातभार लावतात' खोडून 'स्वयंपाक करतात' केलं.

काका जन्मभर जहाजावर कुक होते. गिटार या घरात आली ती त्यांच्यामुळेच. एका खलाशानं मान तुटलेली गिटार टाकून दिली होती, ती ते सुट्टीवर येताना घेऊन आले. वाजवायला शिकू, असा बेत होता. मेस्त्रींनी आरसा आणि बॅटरी घेऊन तिच्या पोटात बघितलं. "वाटलं होतं आत काय यंत्रबिंत्र असंल," त्या मला म्हणाल्या. "बघते तर सगळी सुतारकी." काका पुन्हा जहाजावर गेले, परत आले तेव्हा गिटारीला नवी मान होती. काका वाजवायला कधीच शिकले नाहीत. मेस्त्रीही नाही. सहाही तारा त्या कानानं अचूक लावायच्या, पण गाणं एकही वाजवता यायचं नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "शिंपी काय प्रत्येक सदरा घालून लग्नाला जातो?"

रत्नागिरीत गिटारींना काय तोटा. कॉलेजची पोरं, चर्चमध्ये वाजवणारे, समुद्रकाठच्या हॉटेलात संध्याकाळी गाणारे. खारा वारा सगळ्यांच्या तारा खायचा, चाव्या गंजायच्या, घोडी सुटायची. घोडी म्हणजे पोटावरची ती पट्टी, जिच्यात तारा अडकवतात. राजापूरहून, लांज्याहून एसटीच्या पार्सलनं चादरीत गुंडाळलेल्या गिटारी यायच्या. दुरुस्ती घेताना एखादा म्हणायचा, "फार नको, जरा चालेल इतकी करा." मेस्त्री गिटार परत त्याच्या हातात द्यायच्या. "चालायला तो बैल नाय. वाजली पाहिजे. तशी पाहिजे असंल तर ठेवा."

नवी गिटार मात्र वर्षाला चार-पाचच. आणि ती फणसाची. गिटारीचं कुठलंही पुस्तक उघडलं तरी त्यात फणस नसतो, हे मला नंतर कळलं. मेस्त्रींना ते आधीपासून ठाऊक होतं. मृदंग फणसाचा चालतो, दक्षिणेकडे वीणा फणसाची करतात, मग गिटारीनंच काय पाप केलंय, हा त्यांचा सवाल. माहेरचा एक म्हातारा फणस वादळात पडला, भावानं तो सरपणाला घालायचं ठरवलं, तेव्हा त्या टेंपो घेऊन गेल्या आणि खोड उचलून आणलं. ताज्या फणसाच्या फळीचा रंग हळदीसारखा असतो. पुढे तो मधासारखा होतो.

गिटारीच्या कडेच्या पट्ट्या वाकवायला गरम नळी लागते. त्यांच्याकडे नळी एकच होती, आंघोळीच्या बंबाची. तांब्याचा जुना बंब, मधून धुराची नळी वर गेलेली. ओली पट्टी त्या तापलेल्या नळीवर टेकवून त्या हळूहळू दाबत आणायच्या, आणि ताठ लाकूड बाईच्या कमरेसारखं वळायचं. त्यामुळे घरात गरम पाण्याचं वेळापत्रक गिटारींवर चालायचं. मला सकाळी आठला कॉलेज असे. मी टॉवेल घेऊन उभी आणि मेस्त्री पट्टी घेऊन बंबापुढे. "थांब मास्तरीण. आता सोडली तर सरळ होईल." मी त्या चार वर्षांत थंड पाण्यानं आंघोळ करायला शिकले.

आता त्या पावसाळ्याचं सांगते.

गावात एक गिटार शिकवणारे सर होते. माणूस तसा सज्जन. बरीच वर्षं मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवून परत आलेले, हाताखाली पुष्कळ मुलं. त्यांच्या क्लासमधली निम्मी कामं मेस्त्रींकडेच यायची. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी मुलीसाठी मेस्त्रींकडून नवी गिटार करून घेतली आणि घेऊन जायच्या आधी सरांनी एकदा बघावी म्हणून त्यांना बरोबर आणलं. मी तेव्हा पडवीत वह्या तपासत बसले होते.

सरांनी गिटार हातात घेतली, बोटाच्या पेरानं पोटावर टकटक केलं, कान लावला. "लाकूड कुठलं?"

"फणस," मेस्त्री म्हणाल्या.

सर हसले. "मेस्त्री, फणसाचे गरे खावेत. गिटारीचं लाकूड वेगळं असतं, ते बाहेरून येतं. आता छान दिसते आहे, पण आपल्या हवेत ही एक पावसाळा काढायची नाही. फुटेल." मग ते उंबऱ्यावर बसलेल्या काकांकडे वळले. "काका, तुम्ही तरी सांगा ना यांना."

आधीचं सगळं मेस्त्रींनी कदाचित ऐकून घेतलं असतं. कामं देणाऱ्या माणसाचा राग येऊन चालत नाही, हे त्यांना कळत होतं. पण शेवटचं वाक्य नडलं. त्यांनी पुढे होऊन सरांच्या हातातून गिटार काढून घेतली, अगदी सावकाश, लहान मुलाला घ्यावं तशी, आणि मुलीच्या वडिलांना म्हणाल्या, "ही आता देत नाय. दसऱ्यानंतर या."

"अहो पण मुलीला क्लास सुरू करायचा आहे," ते म्हणाले.

"मग दुसरी घ्या. ही पावसाळा बघणार हाय."

वडिलांनी दुसरी घेतली, तयार, दुकानातली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले तेव्हा पडवीच्या वाशाला दोरीनं ती फणसाची गिटार टांगलेली होती. तारा ताणलेल्या, वाजायला तयार. शेजारी पुठ्ठ्यावर सुतारी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं:

'ही गिटार फणसाची आहे. दसऱ्यापर्यंत इथेच राहील. फुटली तर दुकान बंद.'

काका पुठ्ठ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभे होते. "शेवटची ओळ कशाला लिवलीस?"

"ती नसली तर वरच्या दोन कोण वाचील?"

आमच्याकडे पावसाळ्यात पडवीला झावळ्यांचे झाप बांधतात, नाहीतर झड आत येते. त्या वर्षी त्यांनी काकांना गिटारीच्या बाजूचा झाप बांधू दिला नाही. अंगावर थेंब नको, पण ओला वारा सरळ लागला पाहिजे. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून हवेतली ओल मोजायचं यंत्र मागून आणलं आणि गिटारीशेजारी टांगलं. मला वाटलं, शास्त्राची मदत झालेली बरी. रोज सकाळी मी काटा वहीत टिपून घ्यायचे. जुलैत काटा एका टोकाला जाऊन जो बसला तो हलेचना. मेस्त्री यंत्राकडे बघून म्हणाल्या, "हे तर कामच करत नाय. मीठ बघ, त्याचं पाणी झालंय. मला तेवढं पुरे."

पाटी गावभर झाली. छत्र्या थांबायच्या, माना वर व्हायच्या. रिक्षावाले गाडी हळू करून विचारायचे, "काका, कशी हाय?" घरात कुणी आजारी असावं तसं. आणि काकाही तसंच उत्तर द्यायचे. "रात्र बरी गेली."

मात्र सरांच्या क्लासची मुलं यायची बंद झाली. कुणी त्यांना तसं सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण जिथे दुकानच बंद व्हायची पाटी लागली आहे तिथे आपली गिटार कोण ठेवील? बाकावर एरवी सात-आठ गिटारी पडलेल्या असायच्या, त्या श्रावणात दोन होत्या. मेस्त्री रिकाम्या हातानं बसणाऱ्या नव्हेत. त्यांनी सगळ्या पटाश्यांना धार लावली. मग पुन्हा लावली. पडवीतल्या गिटारीवर बुरशीची पांढरी झाक यायची, ती त्या कापडानं पुसायच्या. तारा गंजल्या की बदलायच्या. "तारांचा दोष लाकडाच्या नावावर नको." एका सकाळी मी जिन्यावरून उतरत होते तेव्हा त्यांनी गिटारीच्या पाठीवर तळवा टेकवलेला होता आणि डोळे मिटलेले होते. मी परत वर गेले आणि पाच मिनिटांनी मुद्दाम पायऱ्या वाजवत उतरले.

नारळी पौर्णिमा झाली. गिटार शाबूत होती. श्रावण सरत आला, तरी शाबूत. रस्त्यावरून जाणारे आता मेस्त्रींच्या बाजूचे झाले होते. "जिंकलात मेस्त्री," म्हणायचे. त्या म्हणायच्या, "दसरा कुठं झालाय."

गणपतीच्या आधी पावसानं एकदम उघडीप दिली. तीन दिवस असं कडक ऊन पडलं की कौलांवरचं शेवाळ वाळून खाली पडायला लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून आले तर मेस्त्री स्टुलावर चढून गिटारीला नाक लावून उभ्या होत्या. काका खाली स्टूल धरून.

"मास्तरीण, तुझी नजर चांगली. हितं बघ."

मला आधी काही दिसलं नाही. मग त्यांनी गिटार उन्हाकडे तिरकी केली. घोडीच्या खाली, केसाएवढी बारीक, बोटभर लांब एक रेघ होती.

मग काका हळूच म्हणाले, "मेण भर आणि गप बस. कुणाला दिसतंय?"

"मला."

"तुला रोजच दिसंल. लोकांना दसऱ्यापर्यंत नाय दिसलं की झालं."

मेस्त्रींनी गिटार उतरवली, चादरीत गुंडाळली, अंगातला शर्ट काढून खुंटीला लावला, साडी नीट केली आणि मला म्हणाल्या, "चल." काकांनी अडवलं नाही. पण त्यांचा चेहरा पडला होता. चाळीस वर्षं जहाजावर काढून हा माणूस शेवटी बायकोच्या दुकानाच्या उंबऱ्यावर सुखानं बसला होता. ते दुकान आता तिच्याच हातानं बंद होणार होतं.

सरांचा क्लास एका शाळेच्या रिकाम्या वर्गात भरायचा. दहा-पंधरा मुलं बाकांवर गिटारी घेऊन बसली होती. आम्ही दारात उभ्या राहिलो तसे सर उठले. मेस्त्रींनी चादर सोडली.

"सर, तुम्ही बोललात तसं झालं. फुटली."

सर गोंधळले. त्यांनी भेग बघितली, म्हणजे शोधली आणि मग बघितली. "अहो, एवढीशी तर आहे. मला काही तसं म्हणायचं नव्हतं."

"तुम्हाला तसंच म्हणायचं होतं. आणि ते बरोबर होतं. फक्त कारण चुकीचं सांगितलंत. पावसानं नाय फुटली. पावसात फुगली आणि उन्हात एकदम आकसली, तेव्हा फुटली. मुलांना शिकवाल तेव्हा नीट सांगा."

सरांनी गिटार मांडीवर घेतली. तारा त्याच सकाळी लावलेल्या होत्या. ते वाजवू लागले, आधी उगाच, मग मन लावून. फणसाचा आवाज जाड असतो, खालच्या तारांना घुमतो, मृदंगाचा नातेवाईक असल्यासारखा. मला गाण्यातलं कळत नाही. पण मुलांनी आपापल्या गिटारींवरून हात काढले होते, एवढं मी पाहिलं.

"आवाज चांगला आहे," सर म्हणाले. अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.

"ते मला माहीत हाय. ते ऐकायला नाय आले. पाटीवर लिवलंय ते खोटं ठरू नये म्हणून आले. उद्यापासून दुकान बंद."

"अहो मेस्त्री, ती पाटी कोण धरून बसलंय?"

"मी."

परत येताना वाटेत एका रिक्षावाल्यानं गाडी हळू केली आणि त्यांच्या हातातली चादर बघून न विचारताच पुढे गेला. घराशी आल्यावर त्या पडवीच्या पायरीवर बसल्या आणि गिटार मांडीवर आडवी ठेवली. तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं. फार नाही. नाक शिंकरलं आणि म्हणाल्या, "हरल्याचं नाय गो. मला वाटलं होतं, मला लाकूड कळतं."

दुसऱ्या दिवशी दुकानाची पाटी खरोखर उतरली. गणपतीला मुंबईहून आलेल्या नातेवाइकांनी उपदेश करून घेतला. एक दीर म्हणाले, बरं झालं, वय झालं आता, आराम करा. मेस्त्रींनी त्यांच्या पानात आणखी एक मोदक वाढला.

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी मला बंबाजवळून ठोकाठोकी ऐकू आली. मागच्या पडवीत, न्हाणीघराला लागून, बाक मांडलेला होता. भिंतीला पटाश्या ओळीनं लावलेल्या. मी बघतच राहिले.

"दुकान बंद म्हणाला होतात ना?"

"दुकान बंदच हाय. समोर जाऊन बघ. हात बंद करीन असं कुठं लिवलं होतं?"

समोरच्या खोलीत काकांनी आपली आरामखुर्ची टाकली होती. रस्त्याकडे तोंड करून ते पेपर वाचत बसायचे. गिटार घेऊन कुणी आलं की गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "दुकान बंद हाय." तो माणूस वळला की पेपरामागून म्हणायचे, "मागनं या." मग गिऱ्हाईक आमच्या स्वयंपाकघरातून, चुलीवरच्या कालवणाचा वास घेत, मागच्या पडवीत जायचं. काही जण जेवूनच परतायचे. हळूहळू बाकावर पुन्हा सात-आठ गिटारी झाल्या. मला आजवर कुणी कुणी विचारलं आहे की ही चलाखी नव्हे का. मी म्हणते, नव्हे. ज्या बाईनं केसाएवढी भेग स्वतःच्या पायांनी चालत जाऊन दाखवली, तिला शब्द मोडायचा असता तर मेण होतंच की.

त्या हिवाळ्यात त्यांनी नव्यानं सुरुवात केली. त्यांचे वडील फणसाच्या फळ्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, बुडवून ठेवायचे, मग सावलीत वाळवायचे. यांनी घाईत तेवढं केलं नव्हतं. आता केलं. पुढच्या पावसाळ्यात पडवीत दुसरी गिटार टांगली गेली, आणि नवा पुठ्ठा. 'ही दुसरी. फुटली तर तिसरी करीन.' ती फुटली नाही, पण श्रावणात तिची घोडी सरस सोडून तारांसकट उचकटली. मेस्त्रींनी ती तशीच, लोंबत्या घोडीनिशी दसऱ्यापर्यंत ठेवली. "लोकांना बघू दे." खाली एक ओळ वाढवली. 'घोडी सुटली.'

तिसऱ्या वर्षी तिसरी टांगली. तोवर मी तिथली झाले होते. सुट्टीत कऱ्हाडला गेले तरी फोन करून आधी गिटारीची चौकशी करायचे. त्या वर्षी पाऊस फार लांबला. मध्ये दोनदा कडक उघडीपही पडली. गिटार ना फुगली, ना आकसली, ना घोडी हलली. दसऱ्याच्या सकाळी पडवीत माणसं जमली. रिक्षावाले होते, शेजारीपाजारी होते, दुसऱ्याच गिटारीवर तीन वर्षं शिकलेली ती विद्यार्थिनी आणि तिचे वडील होते. सर आपली मुलं घेऊन आले. सगळ्यांनी मेस्त्रींना आपट्याची पानं दिली.

मेस्त्रींनी गिटार उतरवली, उन्हात चारी बाजूंनी फिरवून बघितली आणि सरांच्या हातात दिली. सरांनी पडवीच्या कठड्यावर बसून ती वाजवली, बराच वेळ. काका आतून पोह्यांच्या बश्या घेऊन आले होते, ते हातात ट्रे घेऊन तसेच उभे राहिले. वाजवून झाल्यावर सर उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मेस्त्री, मी चुकलो होतो. ही मला द्या. आजपासून मी हीच वाजवीन. क्लासमध्ये, कार्यक्रमात, सगळीकडे सांगेन की रत्नागिरीच्या फणसाची आहे."

तीन पावसाळे ज्या एका वाक्यासाठी गेले, ते वाक्य आलं होतं. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"देत नाय," मेस्त्री म्हणाल्या.

"का?"

"ही का टिकली ते मला अजून माहीत नाय. आधीच्या दोघींनी सांगितलं, कुठं चुकलं ते. ही नुसती हसतेय."

त्या गिटार घेऊन घरातून मागच्या पडवीत गेल्या. आम्ही सगळे त्यांच्या मागे, स्वयंपाकघरातून, एकामागून एक. आदल्या दिवशी खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली होती. करवतीच्या पात्यावर हळदकुंकू तसंच होतं. त्यांनी तारा सैल करून काढल्या, गिटार बाकावर आडवी धरली आणि करवत लावली. कुणीतरी "अहो" म्हणालं. काका म्हणाले, "राहू दे. ती ऐकायची नाय."

मी ते दृश्य बघू शकत नव्हते आणि नजरही काढू शकत नव्हते. पिवळा भुसा हळदीत मिसळून बाकावर पडत होता. पोट कापलं गेलं, पाठ कापली गेली. शेवटी गिटार दोन भागांत उघडली. मेस्त्रींनी एक भाग उजेडाकडे धरला, पोटाला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांवरून एकेक करून अंगठा फिरवला. चौथ्या पट्टीवर अंगठा थांबला. त्यांनी नख घातलं. पट्टीचं टोक लाकडापासून जरासं, कागद जाईल इतकं, सुटलेलं होतं.

"बघा सर," त्या म्हणाल्या. "पुढच्या पावसात गेली असती. आणि तेव्हा ती तुमच्या हातात असती."

सर वाकून बघत राहिले. मला वाटलं, ते आता जातील. पण त्यांनी बाही वर सारली आणि बाकाच्या पलीकडे जाऊन दुसऱ्या अर्ध्या भागाचं टोक दोन्ही हातांनी धरलं.

"घट्ट धरा," मेस्त्री म्हणाल्या. "हलवू नका. अजून एक काप घ्यायचाय."